डिस्क बदलली तरी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतंय? आधी डिस्कच्या मागे बघा

पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या, पॅड नवे टाकले, गाडी छान थांबायला लागली. चार-पाच हजार किलोमीटर झाले नाहीत तोच पुन्हा तीच थरथर. मग "डिस्क डुप्लिकेट होती" असं ठरवून दुसऱ्या कंपनीची डिस्क येते आणि काही महिन्यांनी तिसरी. माझ्या मेव्हण्याच्या सेडानमध्ये दीड वर्षात तीन जोड्या बदलून झाल्या होत्या. तिसरी जोडी उतरवली तेव्हा डाव्या हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, टिकलीएवढा गंजाचा एक पापुद्रा घट्ट चिकटलेला सापडला. तिन्ही जोड्या त्या पापुद्र्यावरच बसवल्या गेल्या होत्या.

तेव्हापासून या तक्रारीची गाडी आली की डिस्ककडे मी शेवटी जातो. ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीची शिक्षा भोगत असते.

लक्षणं नीट ओळखा

ब्रेक न मारताही 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. टायरचं बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरला आलेला फुगा बघा. ब्रेकची थरथर ब्रेक दाबल्यावर सुरू होते आणि पाय काढला की थांबते.

ती साधारण 100 वरून 60 वर येताना सगळ्यात जास्त जाणवते. सेडानचं चाक एका फेरीत 1.9 मीटरच्या आसपास पुढे जातं. म्हणजे 100 च्या वेगाला सेकंदाला चौदा-पंधरा फेऱ्या होतात आणि डिस्कवरचा एकच दोष सेकंदाला तितक्यांदा धक्का देतो. वेग उतरत जातो तशी ही ठोक सस्पेन्शनच्या स्वतःच्या लयीशी जुळते आणि अख्खं स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. 30-40 ला तोच दोष नुसता पेडलखाली हलकासा उचलल्यासारखा लागतो.

स्टिअरिंग हलतंय म्हणजे बहुधा पुढची चाकं. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पेडल थरथरतंय, तर मागे बघा. मागे ड्रम असतील तर ड्रम गोल राहिला नसण्याची शक्यता मोठी. जोरात ब्रेक मारल्यावर, विशेषतः ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर, पेडल पायाखाली टकटक करत असेल तर ते एबीएस आपलं काम करतंय. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात तेही सोडून द्या, डिस्कवरचा वरवरचा गंज पुसला जातोय एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे थरथर कधी सुरू झाली. नवी डिस्क टाकल्या दिवसापासून असेल तर बसवतानाच घोळ झालाय, किंवा दोष डिस्कमध्ये नव्हताच. पहिले काही हजार किलोमीटर सगळं ठीक होतं आणि मग हळूहळू वाढत गेली असेल, तर डिस्क थोडी तिरकी बसली आहे. या दोन गोष्टींत गल्लत केली की पैसे वाया जातात.

"डिस्क वाकली" म्हणजे नेमकं काय होतं

सगळे म्हणतात, गरम होऊन डिस्क बेंड झाली. रोजच्या वापरातल्या गाडीत तसं क्वचित होतं. होतं ते असं: डिस्क हबवर किंचित तिरकी बसते, त्यामुळे फिरताना तिची कड डावी-उजवी झुलते. ब्रेकवर पाय नसतानाही तिचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला चाटून जातो. एका किलोमीटरला सव्वापाचशे फेऱ्या होतात, म्हणजे पाच हजार किलोमीटरला सव्वीस लाख वेळा तीच जागा घासली जाते. तेवढी जागा पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पॅड जाड-पातळ, जाड-पातळ अशा पट्टीवरून जातो आणि तो धक्का पॅडला ढकलणारा पिस्टन, ब्रेक ऑइल आणि स्टिअरिंगमार्गे तुमच्यापर्यंत पोचतो. जाडीतला 0.02 मिलिमीटरचा फरकही हाताला कळू शकतो.

दुसरा प्रकार पॅडच्या मटेरियलचा. घाटातून उतरताना डिस्क तापलेली असते आणि खाली सिग्नलला तुम्ही पेडल गच्च दाबून उभे राहता. पॅडचा थर त्या एका जागी शिक्क्यासारखा उमटतो. हेही "वाकलेली डिस्क" म्हणूनच खपतं.

बिनखर्चाचं आधी

शिक्क्याचा संशय असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना 80 वरून 20 पर्यंत जरा दमदार पण चाक लॉक न करता ब्रेक मारा. असे आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. हलका थर असेल तर यात निघून जातो. फरक पडला तर पुढचं काही खोलू नका. थरथर एवढी असेल की गाडी सांभाळायची भीती वाटते, तर हा प्रयोग करायचाच नाही.

मग चाकाचे नट. पंक्चर काढताना किंवा सर्व्हिसिंगला एअर गनने एक नट कडक आणि शेजारचा त्याहून कडक आवळला जातो. हबला लागून असलेली डिस्क त्या असमान ताणाने तिरकी धरली जाते. सगळे नट सैल करून, समोरासमोरच्या क्रमाने आधी अर्ध्या आणि मग पूर्ण जोराने टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळायच्या पान्याने) आवळा. बहुतेक सेडानना 100 ते 120 न्यूटन मीटर लागतो, पण आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. पायाने पाना दाबून "आता हलत नाही" हे माप धरू नका. थरथर नुकतीच सुरू झाली असेल तर एवढ्यावरही ती बरीच कमी झालेली मी पाहिली आहे. जाडीत फरक पडून गेला असेल तर मात्र नट सारखे करून ती जाणार नाही, पण पुढची डिस्क वाचेल.

तिसरी तपासणी उष्णतेची. पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो कमी ब्रेक वापरत गाडी चालवा आणि उतरून चारही चाकांजवळ तळहात न्या. जवळ न्या, लावू नका. दोन पुढच्यांपैकी एक चाक ठळकपणे जास्त गरम असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक सोडतच नाहीये. डिस्क बदलण्याआधी त्याचा बंदोबस्त हवा, नाहीतर नवी डिस्कही त्याच आगीत जाईल.

चाक काढल्यावर

सपाट, कडक जमीन, मागच्या चाकांना ठोकळे, आणि गाडी जॅकवर नाही तर घोडीवर (जॅक स्टँडवर). घोडी नसेल तर इथेच थांबा. धूळ हवेच्या झोताने किंवा फुंकून उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

पॅड दोन्ही बाजूंनी बघा. आतला आणि बाहेरचा यांच्या झिजेत 2 मिलिमीटरहून जास्त फरक असेल, किंवा एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकतोय. पिन हाताने आत-बाहेर सरकली पाहिजे. अडकत असेल तर काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पूर्ण पुसा, गंज असेल तर पिनच बदला. ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉन किंवा सिंथेटिक. बेअरिंगचं साधं ग्रीस भरलं की रबरी बूट आणि बुश फुगतात आणि पिन आधीपेक्षा जास्त अडकते. काही कॅलिपरमध्ये एका पिनला टोकाशी रबरी बुश असतो आणि दुसरीला नसतो. त्यांची अदलाबदल करू नका.

पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे दाबून बघा. आधी ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर टाका. वरपर्यंत भरलेली असेल तर ऑइल उतू जाईल, आणि ते रंगावर पडलं तर रंग उठतो. पिस्टन एकसारख्या जोराने आत जायला हवा. जात नसेल, त्याच्या भोवतीचा रबर फाटला असेल किंवा तिथे ओल दिसत असेल, तर ते काम तुमचं नाही. ब्रेक ऑइल नेणारा होजपाइप आतून फुगून बंद झाला असला तरी पिस्टन असाच हट्ट करतो, आणि ते शोधायला लाइन उघडावी लागते. लाइन उघडली की हवा शिरते. ब्रेक ब्लीड करायचा, म्हणजे ती हवा काढायचा, सराव नसेल तर मेकॅनिक बोलवा.

आता चाकाच्या वरच्या आणि खालच्या कडेला हात लावायला ते चाक दोन नटांवर परत चढवा आणि हलवून बघा. वर-खाली प्ले (ढिलेपणा) लागला किंवा फिरवताना गुरगुर आली तर हबचं बेअरिंग संपलंय. खिळखिळ्या बेअरिंगवर कुठलीही डिस्क सरळ फिरणार नाही. बहुतेक गाड्यांत ते प्रेसवर दाबून बदलावं लागतं, तेव्हा तेही वर्कशॉपचंच. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याचा) मागचा रबरी बुश फाटला असेल तर तो थरथर निर्माण करत नाही, पण लहानशी थरथर मोठी करून दाखवतो. एकाच जातीच्या दोन गाड्यांत तोच दोष एकीला असह्य आणि दुसरीला नुसता जाणवण्यापुरता असतो, त्यामागे बऱ्याचदा हा बुश असतो.

मोजल्याशिवाय डिस्क मागवू नका

डिस्कच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते. पुढची हवेशीर (मध्ये हवेच्या फटी असलेली) डिस्क नवी असताना 22 आणि किमान 20, असे आकडे सेडानमध्ये नेहमी दिसतात. म्हणजे दोन्ही बाजू मिळून फक्त 2 मिलिमीटरचा हिशोब. साध्या व्हर्नियरने मोजलं तर बाहेरच्या कडेला न झिजलेला जो कंगोरा उरतो त्यावर जबडे टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटर घ्या. कडेपासून 10 मिलिमीटर आत, डिस्कभर आठ ठिकाणी मोजा आणि आकडे खडूने डिस्कवरच लिहा. आठही आकडे 0.01 च्या आत असतील तर जाडी निर्दोष आहे, कारण दुसरीकडे शोधा. किमान जाडीच्या खाली एक जरी आकडा गेला तर डिस्क संपली. कडेपर्यंत पोचलेली चीर दिसली तरी संपली, जाडी कितीही असो.

मग डायल गेज, म्हणजे डिस्क किती झुलते ते काट्याने दाखवणारं माप. सगळे नट वॉशर घालून सारखे आवळायचे, म्हणजे डिस्क हबवर घट्ट बसते. चुंबकी स्टँड नकलवर (हबला धरणाऱ्या, न फिरणाऱ्या भागावर) चिकटवून डायलचं टोक कडेपासून 10 मिलिमीटर आत टेकवा, गिअर न्यूट्रल करा आणि डिस्क हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत झुलला तर उत्तम. 0.1 च्या पुढे गेला तर तुमचा चोर सापडला. मधला भाग कंपनीच्या मापावर अवलंबून. जिथे काटा सर्वांत वर गेला तिथे डिस्कवर एक खूण आणि समोरच्या स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या दांड्यावर) एक खूण करा. या दोन खुणा पुढे फार उपयोगी पडतात.

हब

डिस्क एक-दोन स्क्रूंवर असेल तर ते जाम असणारच. नुसता स्क्रूड्रायव्हर घेऊन भिडलात तर डोकं घासून गुळगुळीत होईल. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. डिस्क निघत नसेल तर तिच्या टोपीत आटे असलेली दोन भोकं आहेत का बघा. बहुधा तिथे 8 मिलिमीटरचे बोल्ट बसतात. ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच पुढे येते. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका.

आता हबचा चेहरा बघा. त्याचा व्यास साधारण 140 मिलिमीटर आणि डिस्कचा 260 धरला, तर हबच्या कडेला 0.05 मिलिमीटरचा, म्हणजे बारीक केसाएवढा कचरा डिस्कच्या कडेला जवळजवळ 0.09 होऊन दिसतो. खराब डिस्कइतकाच.

वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, आणि प्रत्येक स्टडच्या बुडाशी तर छोटा तुकडा बोटाला गुंडाळून. गंज बहुतेक वेळा स्टडच्या मुळाशीच लपतो, आणि घाईत तोच राहतो. मधल्या उभ्या कडेवरही ब्रश फिरवा. शेवटी बोटाचं टोक हबवरून सावकाश फिरवा. डोळ्याला न दिसलेला खवला बोटाला लागतो. मेव्हण्याच्या गाडीतला पापुद्राही आधी बोटालाच लागला होता, दिसायला तो हबच्या रंगाचाच होता. ग्रीसचा जाड लेप इथे नको, तोही एक थरच आहे. अॅलॉय व्हीलची डिस्कला टेकणारी बाजूही अशीच साफ करा.

जुनी डिस्क अजून जाडीत असेल आणि जाडीचा फरक पडलेला नसेल तर साफ हबवर तीच बसवून पुन्हा डायल लावा. बऱ्याचदा काम इथे संपतं.

डिस्क घ्यायचीच असेल तर

एकाच मॉडेलमध्ये इंजिन, वर्ष आणि व्हेरियंटप्रमाणे डिस्कचं माप बदलतं. गाडीचं नाव सांगून मागवलेली डिस्क न बसण्याचं हे मुख्य कारण. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. डिस्क हातात आल्यावर जुनीच्या शेजारी ठेवून व्यास, जाडी, मधल्या भोकाचं माप, स्टडची भोकं आणि टोपीची उंची ताडून घ्या. उंची सगळे विसरतात. ती दोन-तीन मिलिमीटरने चुकली तर डिस्क बसते, पण पॅडच्या मधोमध येत नाही किंवा ब्रॅकेटला घासते.

भोकं पाडलेली, खाचा मारलेली डिस्क कुटुंबाच्या सेडानला नको. दिसायला भारी, पण भोकाच्या कडेपासून चिरा सुटतात आणि रोजच्या वापरात मिळत काहीच नाही. खर्च करायचाच तर गंजरोधक कोटिंग असलेली साधी डिस्क घ्या. टोपी आणि कडा गंजत नाहीत, आणि पुढच्या वेळी ती हबवरून सहज सुटते. घासायच्या पट्टीवरचं कोटिंग पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातं. बिनकोटिंगच्या डिस्कला तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण धुवा आणि नंतर पट्टीला बोटं लावू नका.

एका बाजूची डिस्क बदलायची नाही, नेहमी जोडी. पॅडही नवे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चरा असतात आणि नव्या डिस्कवर ते फक्त उंचवट्यांनीच टेकतात.

जुनी डिस्क लेथवर घासून घ्यावी का? किमान जाडीच्या बऱ्यापैकी वर असेल तर हरकत नाही, तेही गाडीवरच डिस्क ठेवून घासणारं मशीन मिळालं तर, कारण मग ती त्याच हबच्या फिरण्याशी जुळते. किमानाला टेकलेली डिस्क घासून अजून पातळ करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

नवी डिस्क बसवली की वॉशर-नट आवळून पुन्हा डायल. काटा 0.05 च्या वर गेला तर डिस्क काढून एका स्टडने फिरवून बसवा. उंचवटा डिस्कबरोबर सरकला तर दोष डिस्कचा, ती परत करा. उंचवटा त्याच स्टडसमोर राहिला तर हबच वाकलेला आहे. पूर्वी स्टडवर केलेली खूण इथे बोलते. दोन-तीन जागा बदलून काटा सर्वांत कमी झुलेल ती जागा कायम करा. स्क्रूचं भोक एकाच जागी जुळणाऱ्या गाड्यांत हा मार्ग बंद. हब वाकलेला निघाला तर तो बदलायचं काम वर्कशॉपला द्या.

ज्या गाड्यांना डिस्कचा स्क्रूच नाही तिथे आणखी एक खोड आहे. चाक काढलं की डिस्क सैल होते, आणि कॅलिपर हलवताना वरून पडलेला गंजाचा चुरा तिच्या मागे जाऊन बसतो. साफ केलेला हब पुन्हा घाण. म्हणून डिस्क चढवल्याबरोबर दोन नटांनी धरून ठेवा, मगच कॅलिपरला हात लावा.

मागच्या डिस्क असतील तर जरा सांभाळून. बऱ्याच गाड्यांत मागचा पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. क्लॅम्प लावून दाबलात तर आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडेल. हँडब्रेक बटणावर चालणारा असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. ते करायचं साधन नसेल तर मागच्या चाकांना हात लावू नका.

सगळं बसलं की गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात, आणि ते पोकळ दाब रस्त्यावर लागले तर समोरच्या गाडीत जाल. कडक झालं नाही, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, किंवा ब्रेकचा लाल दिवा लागून राहिला, तर गाडी एक फूटही हलवू नका. मेकॅनिकला जागेवर बोलवा, नाहीतर टो करून न्या.

मग 60 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक, दहाएक वेळा, मध्ये न थांबता आणि दोन ब्रेकमध्ये थोडं अंतर ठेवून. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर अडचण सोडून कचकन ब्रेक टाळा. पन्नासेक किलोमीटरनंतर, डिस्क थंड असताना, नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. डायलचा शेवटचा आकडा आणि किलोमीटरचं रीडिंग सर्व्हिसच्या पुस्तकात डाव्या-उजव्या चाकासमोर लिहून ठेवा. पुढच्या वेळी चाक निघेल तेव्हा पंक्चरवाल्याला एअर गन बाजूला ठेवायला सांगा, आणि नट स्वतः आवळा.